पालेभाजी पाणचट आणि कडू होते. शिवाय घरात एकीला लोह हवे, दुसरीला मुतखड्याचे पथ्य

माहुलीकर (सातारा)
८ डिसेंबर, रात्री ९.२०

नमस्कार. गेल्या जूनपासून संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आला आहे. पत्नीची बदली कराडला झाल्यामुळे तिला घरी पोहोचायला साडेआठ वाजतात, तेव्हा भाकरी सोडून बाकी सगळे मी करतो. (भाकऱ्या आई थापते आणि त्या वेळी मला चुलीजवळ फिरकू देत नाही.) आमटी, उसळ, वांगी, दोडका यांवर आता हात बसला आहे, पालेभाजी मात्र सहा महिने झाले तरी जमत नाही.

मेथीच्या दोन पेंड्या निवडून, धुऊन, बारीक चिरून फोडणीत टाकतो आणि झाकण ठेवतो. दहा मिनिटांनी पाहावे तर कढईत पाला कमी आणि पाणीच जास्त असते. ते पाणी आटवेपर्यंत भाजी काळपट होते, कडूपणा तसाच राहतो आणि मीठ दर वेळी जास्त पडते. पालक मी कुकरला दोन शिट्ट्या करून शिजवतो. रंग टिकावा म्हणून एकदा कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला. रंग राहिला खरा, पण भाजी इतकी बुळबुळीत झाली की मुलीने ताटाकडे बघून ‘हे शेवाळ आहे का?’ असे विचारले.

आता खरी अडचण सांगतो. मुलगी पंधरा वर्षांची असून तिचे हिमोग्लोबिन कमी आले आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत आणि पालेभाज्या भरपूर खायला सांगितल्या आहेत. आईला दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता, तो कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला आणि तिला पालक टाळायला सांगितला आहे. दोघींसाठी दोन वेगवेगळ्या भाज्या रोज करणे मला शक्य नाही. एकाच कढईतून दोघींना चालेल असे काय करता येईल, पाला शिजवलेले पाणी ठेवावे की टाकावे, आणि मुळात साधी, कमी तेलाची, चवीची पालेभाजी कशी करावी, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

---

रोवळी (सांगली)
८ डिसेंबर, रात्री १०.४५

दादा, पथ्याचे माझ्यापेक्षा जाणकार सांगतील. मी फक्त कढईपुरते बोलते. तुमची भाजी बिघडते ती तीन ठिकाणी: धुताना, झाकताना आणि मीठ घालताना.

पाला नेहमी चिरण्याआधी धुवावा. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन त्यात तो बुडवावा, हलवावा आणि हाताने वर उचलून रोवळीत (निथळायच्या टोपलीत) टाकावा. पातेले चाळणीत उपडे करू नये, कारण तळाशी बसलेली माती पुन्हा पाल्यावर येते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे दोन-तीन वेळा करावे आणि त्यानंतर अर्धा तास पाला रोवळीत नुसता निथळू द्यावा. तुमच्या कढईतल्या पाण्यापैकी बरेचसे या निथळण्यातच वाचेल. संध्याकाळी वेळ नसेल तर आदल्या रात्री दूरदर्शनसमोर बसून पेंडी निवडून ठेवावी, पण धुऊ नये. कोरडा पाला सुती फडक्यात गुंडाळला तर फ्रिजमध्ये दोन दिवस चांगला राहतो, ओला सडतो.

मेथी बारीक चिरू नये. बारीक चिरली की रस सुटतो आणि कडूपणा सगळीकडे पसरतो, हा माझा अनुभव आहे. आमच्याकडे कोवळी पाने देठासकट खुडतात, विळीवर एखादाच काप देतात आणि बस्स. काही जणी मीठ चोळून पिळून घेतात. कडूपणा जातो हे खरे, पण मेथी मेथी राहत नाही. लोखंडी कढई चांगली तापवून चमचाभर तेलात आधी लसूण ठेचून टाकावा, तो बदामी झाला की एक-दोन हिरव्या मिरच्या, मग एक कांदा, आणि कांदा मऊ झाला की सगळा पाला एकदम. आच मोठी ठेवावी, झाकण ठेवूच नये. पाला बसेपर्यंत दोन मिनिटे डावाने वरखाली करावा. जो ढीग कढईत मावत नव्हता तो तळाला जाऊन बसतो, आणि मीठ घालायची वेळ तीच. ढिगाकडे बघून मीठ घालणाऱ्याची भाजी खारट होणारच, शिवाय आधी पडलेले मीठ पाल्यातले पाणी ओढून काढते. शेवटी दोन चमचे शेंगदाण्याचा जाडसर कूट घालावा. कुटाऐवजी तासभर भिजवलेली मूठभर मुगाची डाळ घालायची असेल तर ती कांद्याबरोबरच टाकावी, म्हणजे पाला पडेपर्यंत निम्मी शिजलेली असते. कढईत पाला पडल्यापासून सहा-सात मिनिटांत उतरवावी.

एक विनंती. तुम्ही सातारकर, म्हणून मुद्दाम सांगते: मेथीत कांदा-लसूण चटणी घालू नका. आपल्याकडे ती प्रत्येक भाजीत जाते आणि मग सगळ्या भाज्या एकसारख्याच लागतात.

पाला शिजवलेले पाणी आमच्या आजीने कधी टाकले नाही. ते आमटीत जायचे, नाहीतर भाकरीच्या पिठात.

---

निवृत्त गृहविज्ञान (मिरज)
९ डिसेंबर, सकाळी ७.१०

रोवळीताईंची कृती उत्तम आहे, आणि तिच्यामागे शास्त्रही आहे. पानांचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्यामुळे असतो त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. शिजताना पानांतली आम्ले सुटतात, मॅग्नेशियम निघून जाते आणि रंग शेवाळी-करडा होतो. यांतली काही आम्ले वाफेबरोबर उडून जाणारी असतात; झाकण ठेवले की ती पुन्हा भाजीतच पडतात, म्हणून झाकलेली भाजी लवकर काळवंडते. सोडा आम्ल मारतो, त्यामुळे रंग टिकतो, परंतु पेशींच्या भिंती विरघळल्यासारख्या होऊन भाजी बुळबुळीत होते आणि क जीवनसत्त्व व थायमिन नष्ट होते. सोडा कृपया पुन्हा वापरू नये.

आता दोन्ही पथ्यांविषयी. कोणती पालेभाजी ऑक्झलेटची (म्हणजे कॅल्शियमशी जुळून असा खडा बनवणाऱ्या द्रव्याची), हे लक्षात ठेवायला मी विद्यार्थिनींना वनस्पतींची कुळे सांगत असे. पालक, चाकवत, माठ, राजगिरा, तांदुळजा आणि बीट ही सगळी मंडळी एकाच कुळातली आहेत आणि त्या कुळात ऑक्झलेट भरपूर असते. १०० ग्रॅम कच्च्या पालकात ते अर्ध्या ग्रॅमहून अधिक भरते. या कुळाबाहेरचे पण तितकेच कडक म्हणजे चुका आणि घोळ. मेथी शेंगवर्गीय कुळातली असून तिच्यात ऑक्झलेट अगदी थोडे असते. कांद्याची पात आणि कोबी यांचेही तसेच. तेव्हा तुमच्या घरात आठवड्याची मुख्य पालेभाजी मेथी ठेवावी, तिच्या जोडीला कांदापात. ती दोघींनाही चालेल आणि वेगळी कढई लागणार नाही.

मुतखडा झालेल्या माणसाने दूध-दही बंद करावे असा आपल्याकडे सार्वत्रिक गैरसमज आहे. प्रत्यक्षात जेवणातला कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतो आणि ते शौचावाटे निघून जाते. जेवणातून कॅल्शियम कमी झाला तर मोकळे ऑक्झलेट अधिक प्रमाणात रक्तात आणि पुढे लघवीत उतरते. चाकवत ताकात करण्याची आपली जुनी रीत या दृष्टीने फार शहाणपणाची आहे. आईंनी मीठ कमी ठेवावे, कारण मिठातल्या सोडियममुळे लघवीतून जाणारा कॅल्शियम वाढतो. आणि पाणी इतके प्यावे की दिवसाला सुमारे अडीच लिटर लघवी व्हावी, अर्थात हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन नसेल तरच. त्यांच्या डॉक्टरांनी पालक टाळायला सांगितला असेल तर तो टाळावाच, माझ्या लिखाणावरून सुरू करू नये.

मुलीच्या बाबतीत थोडे स्पष्ट बोलते. पालेभाजीतले लोह शरीरात फार कमी प्रमाणात शोषले जाते, त्यामुळे कमी झालेले हिमोग्लोबिन केवळ भाजीने भरून येईल अशी अपेक्षा ठेवू नये. गोळ्या वेळेवर घ्याव्यात. भाजीचा उपयोग वाढवायचा असेल तर ताटात लिंबाची फोड द्यावी, कारण क जीवनसत्त्वामुळे त्या लोहाचे शोषण वाढते. लिंबू कढईत पिळू नये, उष्णतेने ते जीवनसत्त्व नासते. आणि जेवणानंतर लगेच चहा नको, एक-दीड तास थांबावे. चहातल्या टॅनिनमुळे लोह अडकते. लोखंडी कढई चांगलीच, पण चुक्यासारखी आंबट भाजी तिच्यात करू नये, ती काळी पडते आणि धातूची चव लागते.

पाण्याच्या बाबतीत मात्र रोवळीताईंशी माझे मत जुळत नाही. उकळलेल्या पालकाच्या पाण्यात विरघळणारे ऑक्झलेट उतरलेले असते. ते पाणी आमटीत घातले तर टाळलेले ऑक्झलेट मागच्या दाराने घरात आलेच.

---

शाळूवाला (जत)
९ डिसेंबर, दुपारी १.३०

माझे शेत जत तालुक्यात आहे. स्वयंपाकातले मला फारसे कळत नाही. पाला कुठून आणि कधी घ्यावा एवढे सांगतो.

डिसेंबर-जानेवारी हा पालेभाजीचा खरा हंगाम आहे आणि तो मेथी-पालकातच घालवू नये. आमच्याकडे शाळूच्या (रब्बी ज्वारीच्या) रानाच्या कडेने करडई पेरतात, कारण मोठी झाल्यावर ती काटेरी होते आणि जनावर आत शिरत नाही. ती कोवळी असताना, विरळणी करताना, उपटलेली रोपे म्हणजे करडईची भाजी. काटा धरायच्या आधीच ती घ्यायची, वीतभराच्या पुढे गेलेली घेऊ नये. पाला चिरून, तुरीची किंवा मुगाची डाळ घालून, लसणाची फोडणी दिली की झाले. भाकरीबरोबर दुसरे काही लागत नाही. हरभऱ्याचा पालाही याच दिवसांत मिळतो. पेरणीनंतर महिनाभराने, फुलोरा येण्याआधी शेंडे खुडतात. खुडल्याने झाडाला फांद्या जास्त फुटतात, म्हणून ही भाजी शेतकऱ्याला फुकटची असते. तो पाला सावलीत वाळवून डब्यात भरला की उन्हाळाभर पातळ भाजी करता येते. आमच्या घरी एप्रिल-मेमध्ये हिरवे काही मिळत नाही तेव्हा तोच असतो.

बाजारातून घेताना पेंडीचे देठ मोडून पाहावे. कट्कन मोडले तर कोवळी, दोरीसारखे ताणले तर जून. मेथी पेरल्यापासून साधारण २५ ते ३० दिवसांत काढणीला येते. फूल दिसले की ती कडूच असणार, त्याला तुमची कढई जबाबदार नाही. पानांवर पाणी टपकत असलेली पेंडी ताजी असते असे नाही, ती बऱ्याचदा ओढ्यात किंवा पाटात बुचकळून आणलेली असते. फवारणीबद्दल विचाराल तर खरे सांगतो: धुतल्याने वरचे बरेच जाते, पण जी औषधे झाडाच्या आत शोषली जातात ती धुऊन जात नाहीत. त्यांना फवारणी आणि काढणी यांत ठरलेले दिवस सोडणे हाच उपाय आहे, आणि ते सगळे सोडतात असे मी शेतकरी असूनही छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. ओळखीच्या मळेवाल्याकडून घ्यावी, किंवा गच्चीवर दोन खोकी ठेवून मेथी स्वतः पेरावी.

---

रोवळी (सांगली)
९ डिसेंबर, दुपारी ३.०५

बाई, तुमचा पाण्याचा मुद्दा पालकापुरता मान्य. पण आमची आजी पाणी आमटीत घालायची ते मेथीचे, नाहीतर शेवग्याच्या पाल्याचे. पालक आमच्या घरात तेव्हा फारसा येतच नव्हता. मेथी उकळून तिचे पाणी टाकणे मला अजूनही पटत नाही.

हरभऱ्याच्या पाल्याबद्दल एक गोष्ट राहिली. त्याच्यावर आंब (पानांवर सुटणारा आंबट रस) असते आणि तीच त्याची चव. म्हणून आमच्याकडे तो खसखसून धूत नाहीत, नुसता झटकून घेतात. कच्चा घोळाणाही करतात: कोवळा पाला, कांदा, शेंगदाण्याचा कूट, मीठ, मिरची आणि वरून कच्चे तेल.

---

निवृत्त गृहविज्ञान (मिरज)
९ डिसेंबर, सायंकाळी ६.४०

मेथीच्या पाण्याबाबत रोवळीताईंचे म्हणणे बरोबर आहे. फोलेट (म्हणजेच फॉलिक आम्ल, एक ब जीवनसत्त्व) आणि क जीवनसत्त्व ही दोन्ही पाण्यात उतरतात, तेव्हा ज्या भाजीत ऑक्झलेटची भीती नाही तिचे पाणी फेकणे म्हणजे निव्वळ नुकसान. (फॉलिक आम्ल हे नाव लॅटिनमधल्या ‘पान’ या शब्दावरून आले आहे, १९४१ साली टेक्सासमधल्या संशोधकांनी ४ टन पालकातून ते वेगळे काढले होते.) मेथी उकळायचीच नसते, ती आपल्या अंगच्या पाण्यात शिजते. प्रश्न फक्त पालकाच्या कुळाचा आहे. तो मुलीसाठी करायचा झाल्यास भरपूर उकळत्या पाण्यात दोन मिनिटे बुडवून, पाणी ओतून टाकून मग फोडणीस द्यावा. थोडे फोलेट जाते, पण तिला आठवड्याचे बाकीचे दिवस मेथी आहेच.

मात्र हरभऱ्याच्या आंबेत मॅलिक आम्लाबरोबर ऑक्झॅलिक आम्लही असते. त्यामुळे घोळाणा मुलीला द्यावा, तिच्या आजींना नको. शाळूवाल्यांनी फवारणीबद्दल जे प्रामाणिकपणे लिहिले आहे ते वाचल्यावर तर कच्चा पाला ओळखीच्या रानातलाच असावा असे मी म्हणेन, आणि आंब गेली तरी चालेल, तो एकदा धुवावाच.

प्रमाण विचारले नाही, तरी सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारविषयक मार्गदर्शनात प्रौढांसाठी रोज सुमारे १०० ग्रॅम पालेभाजी धरलेली आहे. हे कच्च्या, निवडलेल्या पाल्याचे वजन आहे. शिजल्यावर ती लहानशी वाटीच भरते. घरात कोणी रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी गोळी घेत असेल तर पालेभाजी एकदम वाढवू किंवा कमी करू नये, कारण तिच्यातले के जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करते.

---

माहुलीकर (सातारा)
१७ डिसेंबर, रात्री १०.१५

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर करून पाहिल्यावरच उत्तर लिहायचे असे ठरवले होते, म्हणून उशीर झाला.

पहिल्या दिवशी मेथी निथळायला ठेवली आणि तेवढ्यात आईने ती ‘वाळून जाईल’ म्हणून पुन्हा पाण्यात टाकली. त्या दिवशीची भाजी पूर्वीसारखीच झाली. दुसऱ्या वेळी मी रोवळी माळ्याच्या जिन्यावर लपवून ठेवली. झाकण न ठेवता, मोठ्या आचेवर, मीठ शेवटी घालून केली. ती मोकळी झाली, हिरवी राहिली, आणि पूर्वी मी जितके मीठ घालत होतो त्याच्या निम्म्यात भागले. कडूपणा पूर्ण गेला नाही, परंतु आता तो खुपत नाही. मुलीने लिंबू पिळून खाल्ली आणि काही बोलली नाही, याचा अर्थ आमच्या घरात चांगला असतो. तिचा जेवणानंतरचा चहा बंद करणे अजून जमलेले नाही. सध्या तो साडेनऊपर्यंत लांबवला आहे.

करडई इथल्या मंडईत दोन फेऱ्या मारूनही मिळाली नाही. शेवटी माण तालुक्यातून भाजी घेऊन येणाऱ्या एका आजींकडे मिळाली, आणि त्यांनी शाळूवाल्यांसारखेच वीत दाखवून ‘एवढीच घ्यायची’ म्हणून सांगितले. मुगाची डाळ घालून केली. आईने दोन वेळा वाढून घेतली आणि मग माहेरच्या शाळूच्या रानाची आठवण सांगत बसली, त्यात भाकरी करपली.

एक शंका राहिली आहे. आईला चाकवताची फार आवड आहे आणि ताकातला चाकवत खाऊन दोन वर्षे झाली, असे ती रोज ऐकवते. महिन्यातून एकदा, उकळून पाणी टाकून, भरपूर ताकात केला तर वाटीभर द्यावा का?

---

निवृत्त गृहविज्ञान (मिरज)
१८ डिसेंबर, सकाळी ७.००

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा नेमका हाच प्रश्न, याच शब्दांत, त्यांच्या डॉक्टरांना विचारावा. उकळून पाणी टाकल्याने विरघळणारे ऑक्झलेट कमी होते, सगळे जात नाही. डॉक्टरांनी होकार दिला तर वाटी लहान घ्यावी, त्या दिवशी पाणी जास्त प्यायला लावावे आणि ताकात मीठ घालू नये.

---

रोवळी (सांगली)
१८ डिसेंबर, सकाळी ९.२५

आणि होकार आला तर चाकवत उकळून, पाणी टाकून, रवीने घोटावा, त्यात ताकात कालवलेले चमचाभर डाळीचे पीठ घालून मंद आचेवर सतत ढवळत राहावे, नाहीतर ताक फुटते. पिठाचा कच्चा वास गेला की उतरवावा. फोडणी लसूण-जिऱ्याची, वरून. पीठ जास्त झाले तर त्याचे पिठले होते, एवढे सांभाळा.